सरमिसळ रेडिओचा खर्च कोणी उचलायचा?

बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. पुढचा पैसा कुठून आणायचा यावर ब्रिटनमध्ये वाद चालू आहे. घरटी परवाना शुल्क आहे तसंच ठेवायचं, जाहिराती घ्यायच्या, की वर्गणी लावून ज्याला हवं त्यानेच पाहावं-ऐकावं अशी सोय करायची, असे पर्याय चर्चेत आहेत. ही सगळी चर्चा टीव्हीभोवती फिरते. रेडिओचा विषय निघालाच तर जाता जाता निघतो. माझं म्हणणं असं की, या निर्णयाचा सर्वांत मोठा फटका बसू शकतो तो रेडिओ फोर या बोलक्या वाहिनीला, आणि वर्गणीचा पर्याय स्वीकारला तर ती वाहिनी आज जशी आहे तशी उरणारच नाही. हे नीट समजण्यासाठी नाताळच्या आधीच्या आठवड्यातला तिचा एखादा दिवस उलगडून पाहावा.

सकाळी ६ ते ९ बातम्या आणि मुलाखती. त्यातच पावणेआठच्या सुमारास एखाद्या धर्मपरंपरेतल्या व्यक्तीचं तीनेक मिनिटांचं चिंतन. नऊनंतर गप्पा किंवा अभ्यासकांची चर्चा. दहाला स्त्रियांसाठीचा तास, जो १९४६ पासून चालू आहे. दुपारी एकला पाऊण तासाचं बातमीपत्र. दोनला ‘द आर्चर्स’ या ग्रामीण मालिकेचा आदल्या संध्याकाळचा भाग, आणि सव्वादोनला नभोनाट्य. संध्याकाळी पाचला पुन्हा बातम्या, सहाला बिग बेनचे ठोके, साडेसहाला विनोदी कार्यक्रम, सातला मालिकेचा नवा भाग. रात्री पावणेअकराला झोपण्यापूर्वीचं पुस्तकवाचन. मध्यरात्रीनंतर पाऊण तास उलटला की समुद्रावरच्या हवामानाचा अंदाज. डिसेंबरमध्ये याच चौकटीत नाताळचं साहित्य येऊन बसतं. भुताच्या गोष्टी येतात, कॅरोल म्हणजे नाताळची गाणी येतात, बेघरांसाठी मदतीचं आवाहन येतं, वर्षाचा आढावा येतो. दिलेल्या विषयावर न अडखळता मिनिटभर बोलण्याचा खेळ आणि त्याच्या मागोमाग युद्धाची बातमी, असा क्रम इथे रोजचा आहे.

ही सरमिसळ आपोआप होत नाही. अर्ध्या तासाच्या जागेत कार्यक्रम असतो २८ मिनिटांच्या आसपास आणि पाऊण तासाच्या जागेत ४३-४४ मिनिटांचा. उरलेल्या वेळात निवेदक संपलेल्या कार्यक्रमाला निरोप देतो, पुढच्याची ओळख करून देतो आणि मध्ये येत्या दिवसांतल्या एखाद्या कार्यक्रमाची झलक ऐकवतो. तासाच्या ठोक्याला वेळ कळवणारे सहा पिप, म्हणजे छोटे ‘बीप’, वाजतात. पाच एकदशांश सेकंदाचे, सहावा अर्ध्या सेकंदाचा, आणि तास सुरू होतो तो सहाव्याच्या आरंभाला. हे पिप ५ फेब्रुवारी १९२४ पासून वाजतात, सहावा लांबवला तो मात्र बराच नंतर. पिप चालू असताना कोणी बोलत राहिलं तर ती निवेदकाची चूक धरतात. थेट कार्यक्रमातला पाहुणा शेवटच्या मिनिटाला नवा मुद्दा काढतो तेव्हा हे हमखास घडतं. म्हणून अनुभवी निवेदक शेवटच्या दीड मिनिटात प्रश्नच असा विचारतो की त्याचं उत्तर एका वाक्यात संपेल. दुपारच्या नाटकात विमान कोसळत असेल आणि सकाळी खरोखरच्या अपघाताची बातमी आली असेल, तर नाटक मागे घेऊन दुसरं लावावं लागतं. त्यासाठी राखीव नाटक हाताशी हवं आणि ते ठरवणारा माणूस त्या वेळी जागेवर हवा.

दोन कार्यक्रमांमधल्या या सांध्यांवरच माझा सगळा युक्तिवाद उभा आहे. बातम्यांसाठी रेडिओ लावलेला माणूस सांध्यावर थांबतो आणि ज्याची त्याने कधी मागणी केली नसती ते ऐकतो. मागणीनुसार ऐकण्याच्या ॲपमध्ये हा सांधाच नाहीसा होतो. तिथे प्रत्येक कार्यक्रम सुटा, त्याचे आकडे सुटे, आणि त्याचं भवितव्यही त्या सुट्या आकड्यांवर.

मदतीच्या आवाहनाचंच घ्या. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चच्या वतीने बेघरांसाठी नाताळचं आवाहन रेडिओवरून १९२७ पासून केलं जातं. रस्त्यावरच्या आणि घर जाण्याच्या बेतात असलेल्या लोकांबरोबर काम करणारे कार्यकर्ते अर्ज करतात आणि खोलीची अनामत किंवा थकलेलं भाडं अशा छोट्या पण नेमक्या अडचणीला रक्कम मिळते. आता सांगा, ‘देणगीचं आवाहन’ असा कार्यक्रम शोधून, त्यावर बोट ठेवून कोण ऐकेल? ते ऐकलं जातं ते दोन कार्यक्रमांच्या मध्ये कानावर पडतं म्हणून. सुटं करून मोजलं तर त्याला श्रोता नाही, आणि सलग ठेवलं तर त्यातून दरवर्षी हजारो लोकांना आधार मिळतो.

समुद्राच्या अंदाजाचंही तसंच. हवामान खातं तो किनारा-सुरक्षा यंत्रणेसाठी तयार करतं. समुद्राचे ३१ विभाग, ठरलेला क्रम, सुरुवात व्हायकिंगपासून आणि मग घड्याळाच्या दिशेने ब्रिटनला वळसा. मजकुराला मर्यादा ३५० शब्दांची. रात्रीच्या अंदाजात ट्रफाल्गर हा विभागही असतो म्हणून तिथे ३८० शब्दांची मुभा. आधी वादळाचे इशारे, मग हवेच्या दाबाचं चित्र, मग विभागवार वारा, समुद्राची स्थिती, पाऊस आणि दृश्यमानता. सगळीकडेच वादळ असेल तर शब्द पुरत नाहीत, मग शेजारचे विभाग एकत्र करून वाचावे लागतात. आज मोठ्या जहाजांवर हा अंदाज इतर साधनांनी पोचतो, हे खरं. पण आपलं गाव ज्या बेटावर आहे त्याच्या चहूबाजूंना आज रात्री काय चाललं आहे, कोण त्यात अडकलेलं असेल, याचं भान ज्याचा समुद्राशी संबंध नाही अशा लाखो लोकांना रोज मिळतं. डिसेंबरात, जेव्हा तिथे दुपारी चारच्या आतच अंधार पडतो, तेव्हा तर अधिकच.

नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला दुपारी तीन वाजता, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून नऊ वाचनं आणि कॅरोल यांची उपासना थेट प्रसारित होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, तिथले डीन एरिक मिल्नर-व्हाइट यांनी ती त्या चॅपलमध्ये सुरू केली. मूळ आराखडा १८८० मधला, कॉर्नवॉलमधल्या ट्रूरोचा. रेडिओवर ती १९२८ मध्ये आली आणि १९३० चा अपवाद सोडला तर दरवर्षी येत राहिली. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या जुन्या रंगीत काचा सुरक्षिततेसाठी काढून ठेवल्या होत्या, आत ऊब नव्हती, आणि शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून प्रसारणात कॉलेजचं नावही घेत नसत. तरी उपासना चुकली नाही. १९८३ पासून दरवर्षी एक नवं कॅरोल मुद्दाम लिहवून घेतात. आरंभाचं कडवं एकटा मुलगा, कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय गातो. तो मुलगा कोण, हे संचालक ऐन वेळी खुणेने सांगतात, म्हणजे आदल्या रात्री कोणाला दडपणाने झोप उडायला नको. प्रसारण थेट असल्यामुळे पहिला स्वर चुकला तर चुकला. टीव्हीवरचा कार्यक्रम वेगळा असतो आणि तो डिसेंबरमध्ये आधीच चित्रित करून ठेवतात. थेट जोखीम घेतली जाते ती रेडिओवर.

धर्म न मानणारे, इतर धर्मांचे, चर्चमध्ये कधी पाऊल न टाकणारे असंख्य लोक हे ऐकतात. दुपारच्या बातम्यांपासून रेडिओ चालू असतो, स्वयंपाकघरात कामं चाललेली असतात आणि तीन वाजतात. भक्तिसंगीताच्या वेगळ्या वाहिनीवर हीच उपासना ठेवली तर ती फक्त भाविक ऐकतील.

वर्गणीवाल्यांचा मुद्दा मात्र हलका नाही. शुल्क एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड झालं. ज्याच्या घरात बीबीसी कोणी पाहत नाही, ज्याचा पगार महिनाअखेरीस पुरत नाही, त्याने ते का भरावं? ते न भरता टीव्ही पाहणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, आणि खटल्याला तोंड द्यावं लागतं ते बहुतेक गरिबांना. शुल्काची ही सरसकट पद्धत बदलायला हवी, उत्पन्नाप्रमाणे किंवा घराच्या कराशी जोडून आकारणी व्हायला हवी, हे मला मान्य आहे. पण शुल्क अन्याय्य आहे म्हणून वर्गणी न्याय्य ठरत नाही, निदान रेडिओच्या बाबतीत तरी नाही.

त्याचं पहिलं कारण तांत्रिक आहे. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समध्ये कार्ड घालून वाहिनी बंद-चालू करता येते. एफएम संचात तशी सोय नाही. घरोघरी, मोटारींत, रुग्णालयांच्या खाटांशेजारी जे कोट्यवधी संच आहेत त्यांना कुलूप लावता येत नाही. म्हणजे वर्गणीचा रेडिओ हा फक्त ॲपवरचा रेडिओ असणार. आणि ॲपवर जे सर्वांत कमी जातात, ते म्हातारे, दृष्टिहीन, एकटे राहणारे लोकच बोलक्या रेडिओचे सर्वांत निष्ठावान श्रोते आहेत. ब्रिटनने रेडिओचं वेगळं शुल्क १९७१ मध्ये रद्द केलं. नुसता रेडिओ ऐकणाऱ्याला तिथे आज एक पैसाही द्यावा लागत नाही. टीव्ही पाहणारे त्याचा खर्च उचलतात. टीव्ही वर्गणीवर गेला की हा झराच आटतो, आणि बहुतेक आराखड्यांत याचं उत्तर दिसत नाही.

दुसरं कारण निर्मितीच्या खर्चाचं. बातम्या आणि गप्पा स्वस्त पडतात. एक निवेदक, दोन पाहुणे, एक निर्माता. नाटक महाग पडतं. पाऊण तासाच्या नभोनाट्याला सात हजारांच्या आसपास शब्दांची संहिता लागते, चार-सहा नट, साधारण दोन दिवसांचं ध्वनिमुद्रण, पावलांचे, कपबशीचे, दाराचे आवाज तिथल्या तिथे करणारा माणूस आणि नंतर संकलनाचे दिवस. पुस्तकवाचनाचा एक भाग १४ मिनिटांचा, म्हणजे दोन हजारांहून थोडे अधिक शब्द. पाच भागांत सारं पुस्तक बसवायचं तर नव्वद हजार शब्दांच्या पुस्तकातले दहा-अकरा हजारच ठेवता येतात. इथेच नवखा संक्षेपकार चुकतो. प्रत्येक पानातून थोडं थोडं कातरत जातो आणि हाती येतो नुसता चोथा. करायचं ते उलट. एखादं उपकथानक पुरतं काढून टाकायचं आणि ठेवलेला प्रसंग लेखकाच्या मूळ वाक्यांत ठेवायचा. पाव तासात तीन-चारांहून जास्त नवी नावं कानात राहत नाहीत, म्हणून दुय्यम पात्रांना ‘दुकानदार’, ‘धाकटी बहीण’ असंच ठेवायचं. ‘ती म्हणाली’, ‘तो म्हणाला’ हे वाचणाऱ्याच्या आवाजावर सोपवता येतं. एवढी कारागिरी करणाऱ्यांना रोजचं काम हवं. वर्षाला चार नाटकं करणाऱ्या संस्थेत ती टिकत नाही.

सुटा हिशेब केला की पहिली कात्री महाग आणि कमी श्रोत्यांच्या कार्यक्रमावर पडते. मग उरतात बातम्या, गप्पा आणि गाजलेल्या व्यक्तींच्या मुलाखती, म्हणजे जे बाजारात आधीच मुबलक आहे. मे २०२२ मध्ये बीबीसीने जुन्या नाटकांची आणि विनोदी कार्यक्रमांची रेडिओ फोर एक्स्ट्रा ही वाहिनी पुढे प्रसारणातून काढण्याचा बेत जाहीर केला, तोही याच दिशेचा होता.

श्रोत्यांना हे कळतं, असा इतिहास आहे. १९९१ च्या आखाती युद्धात रेडिओ फोरच्या एफएमवर दिवसभर बातम्या चालवल्या आणि नेहमीचे कार्यक्रम लाँगवेव्हवर ठेवले. पुढे लाँगवेव्ह कायमच बातम्यांना द्यायची योजना निघाली. जिथे एफएम पोचत नव्हतं तिथल्या आणि परदेशात राहणाऱ्या श्रोत्यांनी इतका विरोध केला की १९९३ मध्ये लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाउसवर मोर्चा गेला. योजना मागे घेतली गेली आणि बातम्या-खेळांसाठी मार्च १९९४ मध्ये रेडिओ फाइव्ह लाइव्ह ही वेगळी वाहिनी आली. १९९८ मध्ये नियंत्रक जेम्स बॉइल यांनी सगळं वेळापत्रक उलटंपालटं केलं, दुपारचं बातमीपत्र ४० मिनिटांवरून ३० वर आणलं. गहजब झाला. २०११ मध्ये तेच बातमीपत्र ४५ मिनिटांचं झालं. लोक एखाद्या कार्यक्रमासाठी रागावले असं वरवर दिसतं. खरं तर ते दिवसाच्या घडणीसाठी भांडत होते.

मराठी वाचकाला ही घडण अनोळखी नाही. आपल्या दिवाळी अंकात कथा, वैचारिक लेख, कविता, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य एकाच बांधणीत येतं, आणि राशिभविष्यासाठी अंक घेणाऱ्याच्या पैशातून नव्या कवीचं पान छापलं जातं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना समोर होता. तोच अंक लेखागणिक विकायला ठेवला तर कविता किती खपतील, याचा अंदाज कोणत्याही संपादकाला आहे.

रेडिओच्या बाबतीतही आपला संबंध जुना आहे. बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली ती १९ डिसेंबर १९३२ रोजी, आणि सहाच दिवसांनी पाचव्या जॉर्जचा पहिला नाताळ संदेश लघुलहरींवरून जगभर गेला. संदेशाला दुपारी तीनची वेळ निवडली होती, कारण त्या वेळी साम्राज्याच्या जास्तीत जास्त भागांत लोक जागे असत. भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ. १९४२ मध्ये लंडनहून मराठी प्रसारण सुरू झालं, ते १९५८ च्या अखेरीपर्यंत चाललं. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे या काळात तिथे काम करत होत्या. आणि बीबीसीतून आलेले लायोनेल फील्डन भारतातल्या प्रसारणाचे पहिले नियंत्रक झाले, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव रूढ झालं. श्रुतिका, वनिता मंडळ, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, मुलांची सभा, बातम्या, भाषणं हे सगळं एका दिवसात विणण्याची रीत त्याच वळणाची.

त्या रीतीची ताकद पुण्याने १९५६ मध्ये दाखवून दिली. युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून १५० गावांसाठी आठवड्यातून दोनदा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. गावोगावी साधारण वीस जणांचं मंडळ जमून ऐकायचं, मग चर्चा करायचं, आणि शंका केंद्राला कळवायचं. उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने तपासणी केली तेव्हा मंडळं असलेल्या गावांत माहितीत स्पष्ट वाढ दिसली, आणि निरक्षर सभासदही चर्चेत मागे नव्हते. ‘द आर्चर्स’ १९५१ मध्ये देशभर सुरू झाली तीही युद्धानंतर अन्नधान्याचं उत्पादन वाढावं म्हणूनच. शेतीचा सल्ला गोष्टीतून द्यायचा, हा तिचा उद्देश होता.

आपल्याकडे हे सगळं आकाशवाणीच्या एकाच खांद्यावर आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची तेवढी मुभा दिली. लिलावात मोठी रक्कम मोजून लहरी घेतलेला मालक बातम्यांविना उरलेल्या वेळात गाणी आणि हलक्या गप्पाच लावणार, त्यात त्याला दोष देता येत नाही. म्हणून इथे बोलका रेडिओ आकाशवाणीने केला नाही तर तो होतच नाही. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय निघाला होता. विरोधानंतर तो थांबवावा लागला.

ब्रिटनच्या नव्या सनदेत मला तीन गोष्टी लेखी हव्यात. रेडिओचा निधी टीव्हीच्या वर्गणीपासून वेगळा आणि सार्वत्रिक असावा. एफएमचं प्रसारण बंद करण्याआधी दृष्टिहीन आणि वृद्ध श्रोत्यांच्या हाती बटण दाबताच चालणारा पर्यायी संच मोफत पोचलेला असावा. आणि बोलक्या वाहिनीचं मूल्यमापन कार्यक्रमागणिक न होता दिवसाच्या एकूण ऐकण्यावर व्हावं, त्यात नाटक, वाचन आणि विनोदाचे किमान तास ठरलेले असावेत.

आकाशवाणीकडून अपेक्षा याहून लहान आहे आणि लगेच पुरी होण्याजोगी आहे. महाराष्ट्रातल्या एका केंद्राने दर आठवड्याला अर्ध्या तासाची एक नवी श्रुतिका करावी, बाकीच्यांनी ती सहक्षेपित करावी. तिला लागतील चार हजार शब्दांची संहिता, चार-पाच कलाकार, एक दिवस तालीम, एक दिवस मुद्रण. आज खीळ बसते ती स्टुडिओमुळे नाही, स्टुडिओ उभे आहेत. कायम निर्माते निवृत्त होतात आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. लेखकाचं मानधन इतकं अल्प असतं की चांगला लेखक दुसऱ्यांदा फिरकत नाही. जागा भरणं आणि मानधन वाढवणं, या दोन फायली प्रसार भारतीने आधी हातात घ्याव्यात.